फळीवर तीन टाचा

सुरतेच्या डिंडोलीत त्या काळी बळीराम ढोलकीवाल्याचं घर विचारलं की माणूस पत्ता सांगायच्या आधी हसायचा. "तो उलटा पडून वाजवतो तोच ना? मग असं म्हणा की!" आणि लगेच मान मागे टाकून, हात हवेत नाचवून बळीरामची नक्कल करून दाखवायचा. घर राहायचं बाजूलाच. अशी त्याची कीर्ती होती, आणि ती काही फुकट मिळालेली नव्हती.

माणूस चाळिशीचा, अंगानं काडी, गालफडं बसलेली. दिवसाचे बारा तास यंत्रमागाच्या खात्यात सहा मशीनं सांभाळायचा. तुटलेले धागे जोडून जोडून बोटांची टोकं चिरलेली. पण ढोलकी गळ्यात पडली की त्याच्या अंगात काय शिरायचं देव जाणे! ढोलकीचा पट्टा दातात धरून गिरक्या घ्यायचा, आणि फिरता फिरता दोन्ही हातांची थाप चुकायची नाही. मग पोटावर ढोलकी आवळून मागे कमान टाकायचा, पार डोकं जमिनीला टेकेपर्यंत, आणि तिथं ठेवलेलं झेंडूचं फूल ओठांनी उचलून सरळ उभा राहायचा. हात चालूच. शेवटचा खेळ सगळ्यात अवघड. पाठीवर उताणं पडायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, ढोलकी नडग्यांवर आडवी ठेवून वाजवायची, आणि मधेच पायांच्या झटक्यानं ती वर उडवायची. ढोलकीनं हवेत एक कोलांटी घ्यायची, परत नडग्यांवर यायची, आणि टेकता टेकता थाप पडायची. बाया "अगं आई गं" म्हणून डोळे झाकून घ्यायच्या आणि बोटांच्या फटीतून बघायच्या.

पारोळ्याकडच्या आपल्या गावी, यात्रेला आलेल्या एका तमासगिराच्या मागे मागे फिरून हे सगळं तो शिकला होता. सुरतेला आला तेव्हा ढोलकी बरोबर आणली, बाकी आणायला काही नव्हतंच.

आणि आता खरी गोष्ट सांगतो. या माणसाला ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिरा नव्हे. उजवा कान गेलेला, डाव्यात थोडं शिल्लक. अठरा वर्षं त्या खडखडाटात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? पन्नास मशीनं एकदम चालू असली की शेजारचा बोंबलला तरी कळत नाही. म्हणून खात्यातले लोक तोंडानं बोलतच नाहीत. म्हणजे ओठ हलवतात, आवाज काढायची तसदी कोण घेणार! पाच मशीनं पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते ओठांवरून बरोबर वाचतात. वर बोटांच्या खुणा. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. अंगठा ओठाला लावला की चहा. खात्यात नवीन आलेला माणूस आधी हे शिकतो, मग मशीन.

त्यामुळे बळीरामचं बहिरेपण कुणाच्या ध्यानातच आलं नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून तो बिनचूक उत्तर द्यायचा. जरा मोठ्यानं बोलायचा, पण तशी सगळी गल्लीच मोठ्यानं बोलते. घरोघरी लूमचेच कारीगर. ठाऊक होतं फक्त दोघांना. एक बायको सरलाबाई, आणि दुसरा सरलाबाईचा धाकटा भाऊ, गजेंद्र.

गजेंद्र बाविसाव्या वर्षी गावाहून आला तो थेट बहिणीच्या दारात. बळीरामनं त्याला काय दिलं नाही? खात्यात चिकटवलं. बोटं धरधरून धागा जोडायला शिकवलं. खोलीत एकच खाट, तर एकाची दिवसपाळी आणि दुसऱ्याची रातपाळी घेतली, म्हणजे खाटेवर एक उठला की दुसरा झोपणार. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत पळत सुटली तेव्हा गजेंद्र तापानं फणफणला होता. शेजारीपाजारी दार लावून घेत होते, आणि बळीराम त्याला पाठीवर घेऊन स्टेशनपर्यंत चालत गेला. साधा मलेरिया निघाला, पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं?

असा हा गजेंद्र स्टेजवर बळीरामच्या शेजारी खंजिरी घेऊन बसायचा. बघणाऱ्याला वाटायचं, पोरगा साथ करतोय. साथ कसली, तो बळीरामचे कान होता. गाणं कुठं आलं, लय वाढली का, कडवं संपलं का, हे खात्यातल्याच खुणांनी सांगायचा. शेवटच्या खेळात मात्र पंचाईत होती. बळीराम उताणा, नजर वर मांडवाकडे, खूण दिसणार कशी? त्यावर दोघांनी मिळून तोड काढली होती. गाणं संपायला आलं की गजेंद्रनं स्टेजच्या फळीवर टाच तीनदा आपटायची. पाठीतून ते तीन ठोके कळले की बळीराम शेवटची थाप मारून ढोलकी उडवणार, झेलणार, आणि उठून उभा.

घरी दोन विटांवर एक जुनी फळी टाकून ते सराव करायचे. बळीराम फळीवर पाठ टेकून पडलेला, गजेंद्र टोकाशी टाच मारतोय. सरलाबाई पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "अरे, माझं घर शे की तालीम? भिंतीवरचे देव पडतील!"

छान चाललं होतं म्हणायचं. पण शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात डाव्या कानातही शिटी वाजायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तपासलं आणि सरलाबाईला समोर बसवून सांगितलं, "मशीनवरचं काम सुटलं तर आहे तेवढं टिकेल. नाही सुटलं तर दोन वर्षांत हाही कान जाईल." सरलाबाईनं घरी आल्यावर हे त्याला ओठ हलवून, हळू हळू, दोनदा सांगितलं. तो हसला. म्हणाला, "लूम सोडून मी काय करू? कलेक्टर होऊ?"

आणि नेमका त्याच श्रावणात बाबुराव भेटायला आला. बाबुरावची 'चंद्रिका म्युझिकल पार्टी' तेव्हा जोरात होती. उधना, नवसारी, व्यारा, इकडे पार नंदुरबार-धुळ्यापर्यंत कार्यक्रम. बाबुरावही मूळचा आपल्याच खानदेशातला, बोलायला गोड. म्हणाला, "बळीरामभो, मला खेळ करणारा ढोलकीवाला कायमचा पाहिजे. महिन्याचा पगार. लूमबीम सोडून द्यायचं. पण एकच जागा आहे, खंजिरीवाला माझ्याकडे आहे. तुमच्या गणपतीत सातव्या दिवशी माझ्याच पार्टीचा कार्यक्रम आहे. त्यात तुमचा खेळ लावतो. सगळ्यांसमोर बघतो आणि तिथंच सांगतो."

सरलाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. देवानं डॉक्टरीणबाईचं बोलणं ऐकून माणूस पाठवला, असं तिला वाटलं. बळीरामनं मनात सगळं जुळवलं होतं. पार्टीचा जो कोण खंजिरीवाला असेल त्याला आठ दिवसांत टाच मारायला शिकवू, चांगला माणूस असला तर पोटात ठेवील. एकच गोष्ट त्याला खात होती. त्यानं गजेंद्रला विचारलं, "गजा, मी गेलो तर तू एकटा पडशील खात्यात. तुले वाईट नाही ना वाटणार?"

गजेंद्र म्हणाला, "काय बोलता दाजी! तुमचे कान वाचतात, मला अजून काय पाहिजे?"

हे वाक्य बळीरामनं त्याच्या ओठांवर वाचलं आणि त्याच्या पाठीवर एक गुद्दा घातला. लाडाचा.

सातव्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. खात्यांना सुट्टी, अख्खी डिंडोली लोटलेली. बायका पुढे सतरंज्यांवर, माणसं मागे, पोरं कंपाउंडच्या भिंतीवर. बाबुराव स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून बसला. सरलाबाई पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून.

बळीरामनं त्या दिवशी असं वाजवलं म्हणता! पट्टा दातात धरून सात गिरक्या घेतल्या, एरवी चार घ्यायचा. कमान टाकून फूल उचललं तर माणसं खुर्च्यांवर चढली. गजेंद्र शेजारी खंजिरी वाजवतोय, खुणा देतोय, सगळं जिथल्या तिथं. मग बळीराम उताणा पडला. ढोलकी नडग्यांवर घेतली. वर मांडवाचं लाल-पिवळं कापड, त्याला लावलेले झिरमिळ्यांचे कागद. एकदा उडवली, झेलली. दुसऱ्यांदा उडवली, झेलली. आता कडवं संपेल, आता टाच येईल.

टाच आली नाही.

आज गाणं लांबवलं असेल, त्याला वाटलं. मोठी पार्टी, एखादं कडवं जास्त घेतलं असेल. तो वाजवत राहिला. लय चढवली. तिसऱ्यांदा उडवली. फळीतून कसलीतरी थरथर येत होती. लोक नाचायला लागले, त्याला वाटलं. त्याच्या छातीत आनंद मावेना. अठरा वर्षांत लोक असे नाचले नव्हते. चौथ्यांदा उडवली, आणि एवढी उंच की ढोलकी झिरमिळ्यांना लागून आली.

गाणं केव्हाच संपलं होतं. गायक माईक खाली घेऊन उभा, वाजवणाऱ्यांचे हात मांडीवर. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग भिंतीवरची पोरं हसली, आणि मग सगळं मैदान. पाय आपटून आपटून हसत होते मेले! आणि त्या हसण्याच्या मधोमध एक माणूस पाठीवर पडून, जीव तोडून, एकटाच वाजवतोय. डोळ्यांत नुसता आनंद.

शेवटी ढोलकीवर एक हात आला. काचेच्या हिरव्या बांगड्यांचा. सरलाबाई स्टेजवर चढून आली होती. तिचे ओठ हलले. "थांबा. गाणं संपलं."

बळीरामनं मान वळवली आणि मैदानाकडे बघितलं. एवढी तोंडं एकदम उघडी त्यानं कधी बघितली नव्हती. त्यातल्या कितीतरी ओठांवर तोच शब्द होता. बहिरा. बहिरा शे. अरे, बहिरा शे तो!

बाबुरावनं खुर्ची सोडली होती. जाता जाता एवढंच म्हणाला, तेही बळीरामला वाचता येईल असं समोर उभं राहून, "भो, आधी सांगायचं तरी."

त्या दिवशी घरी आल्यावर सगळ्यात जास्त रडला तो गजेंद्र. बळीरामचे पाय धरून म्हणाला, "दाजी, शपथ घेतो, मी तीन वेळा टाच मारली. फळीवर मंडळवाल्यांनी जाजम टाकलं होतं ना, त्यात आवाज मुरला. माझंच चुकलं, मी आधी बघायला पाहिजे होतं." जाजम होतं हे खरं. बळीरामनं त्याला उठवलं, स्वतःच्या गमछ्यानं त्याचे डोळे पुसले, आणि वर त्याचीच समजूत घातली. "वेड्या, जाजम मी पण बघितलं होतं. तुझी काय चूक?"

पंधरा दिवसांनी बाबुरावनं ती जागा गजेंद्रला दिली. सहा वर्षं शेजारी बसून त्यानंही सगळे खेळ उचलले होते. फूल उचलणं अजून कच्चं होतं, पण कान चांगले होते. बळीरामला राग आला का? छे! उलट त्यानं आपली ढोलकी खुंटीवरून काढली, नीट पुसली आणि मेव्हण्याच्या हातात दिली. "घरातलं घरातच राहिलं," असं सगळ्यांना सांगत फिरला. आणि स्वतः परत त्या सहा मशीनांपुढे जाऊन उभा राहिला. डाव्या कानातली शिटी एव्हाना जरा लांबची वाटायला लागली होती.

दिवाळीच्या आधी, खात्याच्या सुट्टीच्या दिवशी, सरलाबाईनं शेवेचे लाडू केले. गजेंद्रला आवडतात म्हणून डबा भरून नवऱ्याकडे दिला. पार्टीची तालीम उधन्याला एका शाळेच्या पटांगणात चालायची. बळीराम दुपारी तिथं पोचला तेव्हा तालीम थांबलेली होती. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, झाडाखाली, गजेंद्र आणि बाबुराव चहा पीत बसले होते. चांगलं पंचवीस-तीस पावलांचं अंतर. दोघांची तोंडं फाटकाकडे. बळीराम फाटकाच्या खांबाआड चपलेत अडकलेला खडा काढायला थांबला आणि सवयीनं त्याची नजर ओठांवर गेली.

बाबुराव विचारत होता, "आता तरी खरं सांग. त्या दिवशी टाच मारली होतीस का?"

गजेंद्र हसला. इकडे तिकडे बघितलं. शेजारी वाजवणारे बसले होते म्हणून आवाज बारीक केला असावा, मान जरा पुढे घेतली. पण ओठ? ओठ लख्ख समोर. सहा वर्षं खात्यात काढलेला माणूस, आणि चार दिवस ऐकू येणाऱ्या लोकांत राहिला तर विसरला, की आपल्यात काही लपवायचं तर ओठ लपवायचे असतात!

"नाही मारली," तो म्हणाला. "मारली असती तर आज इथं दाजी बसले असते आणि मी मशीनवर. एकच जागा होती ना तुमची?"

बाबुरावनं काहीतरी विचारलं, त्याचा हात तोंडापुढे होता. गजेंद्रनं खांदे उडवले.

"त्यांना कुठं कळतंय? जाजमावर ढकललं. त्यांनीच माझे डोळे पुसले."

बळीरामनं खडा काढला. चप्पल घातली. डबा शाळेच्या शिपायाकडे दिला आणि चालत डिंडोलीला आला. रिक्षा केली नाही. वाटेत दोन ठिकाणी ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले असतील, त्याला ते ऐकू आले नाहीत.

घरी काही बोलला नाही. कसं बोलणार? सरलाबाईचा पाठचा भाऊ. आणि भाऊबीज चार दिवसांवर. तो नुसता खाटेवर पडून राहायचा, आणि सारखं त्याच्या डोळ्यांपुढे यायचं ते लोकांचं हसणं नव्हे. आपण गमछ्यानं गजेंद्रचे डोळे पुसतोय, हे यायचं. तेव्हा त्या डोळ्यांत पाणी तरी खरं होतं का? एवढं एकच त्याला कुणाला तरी विचारावंसं वाटत होतं.

भाऊबीजेला गजेंद्र आला. नवा सफारी, हातात बहिणीसाठी साडीचा खोका, खांद्याला ढोलकी, कारण तसंच पुढे व्याऱ्याच्या कार्यक्रमाला जायचं होतं. सरलाबाईनं पाट मांडला, रांगोळी काढली, ताटात निरांजन लावलं. गजेंद्र पाटावर बसणार एवढ्यात बळीराम म्हणाला, "थांब. आधी एक काम कर."

त्यानं खाटेखालून ती जुनी फळी ओढली. दोन विटा लावल्या. फळीवर पाठ टेकून उताणा पडला, गुडघे पोटाशी घेतले आणि हात पुढे केला. "दे ढोलकी."

"दाजी, आता कशाला?" गजेंद्र हसत म्हणाला.

"दे तर."

ढोलकी नडग्यांवर आली. बळीरामनं एकदा सरलाबाईकडे बघितलं, मग छताकडे. "गजा, फळीच्या टोकावर उभा राहा. आणि त्या दिवशी जशी टाच मारली होतीस ना, तशीच मार. तेवढ्याच जोरानं."

त्यानं वाजवायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी हात लागला होता, पण थाप तीच. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. फळीचं टोक गजेंद्रच्या वजनानं वाकलेलं पाठीला कळत होतं. टाच येत नव्हती. तिसरं झालं. बळीराम वाजवत राहिला, तसाच, जसा त्या संध्याकाळी वाजवत राहिला होता. सरलाबाई ताट हातात धरून उभी. आधी तिला काही उमगेना. मग तिनं भावाच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्या तोंडाचा रंग उतरत गेला तसं तिला सगळं उमगलं.

"मार की रे," ती म्हणाली. "का मारत नाहीस?"

गजेंद्रनं टाच मारली. हळूच, जेमतेम टेकवल्यासारखी. एक. दोन. तीन.

तिसऱ्यावर बळीरामचा हात थांबला. बरोबर तिसऱ्यावर. ढोलकी त्यानं छातीशी धरली आणि छताकडे बघतच म्हणाला, "कळतं. एवढी हळू मारलीस तरी कळतं. जाजमातून तर कळलंच असतं, गजा."

गजेंद्र फळीवरून उतरून त्याच्या उशाशी येऊन बसला. त्याचे ओठ भराभर हलायला लागले. "दाजी, ऐका, माझं ऐका..." बळीरामनं तेवढं वाचलं आणि डोळे मिटून घेतले. गजेंद्र बोलत राहिला असेल, रडलाही असेल. त्यानं डोळे उघडले नाहीत. कानातल्या शिटीशिवाय आत काही आलं नाही.

बऱ्याच वेळानं फळीचं टोक पुन्हा वाकलं. त्यानं डोळे उघडले. गजेंद्र गेला होता. पाट रिकामा होता, साडीचा खोका दाराबाहेर ठेवलेला दिसत होता. सरलाबाई फळीवर त्याच्या पायाशी येऊन बसली होती. ओवाळणीचं ताट तिच्या मांडीवर तसंच होतं आणि त्यातलं निरांजन अजून जळत होतं.